विश्लेषण : हेडफोन संगणकातून ‘रिमूव्ह’च होत नाही, असे का? ब्लूटूथची ही गाठ सोडवायची कशी?

सकाळी दहाची ऑनलाइन बैठक. पाच मिनिटे उरलेली. कानातला हेडफोन ‘कनेक्टेड’ असे सांगतो, पण आवाज ना कानात येतो ना लॅपटॉपमधून. अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय करतात. हेडफोन यादीतून काढून टाकायचा आणि नव्याने जोडायचा. त्यासाठी ‘रिमूव्ह डिव्हाइस’वर क्लिक केले जाते. पडद्यावर थोडा वेळ काहीतरी फिरत राहते आणि मग दोन शब्दांचे उत्तर येते, ‘रिमूव्ह फेल्ड’. नोंद जागच्या जागी. नव्याने जोडता येत नाही, कारण संगणकाच्या लेखी हेडफोन जोडलेलाच आहे. काढता येत नाही, त्याचे कारण संगणक सांगत नाही. विंडोज १० आणि विंडोज ११ वापरणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे. हेडफोन बिघडला, असे समजून नवा घेण्यापर्यंत काहींची मजल जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हेडफोन ठणठणीत असतो, अडकलेली असते ती संगणकातील नोंद.

‘पेअर’ असणे आणि ‘कनेक्ट’ असणे यांत फरक काय?

सारा गोंधळ या दोन शब्दांपासून सुरू होतो. ‘पेअर’ होणे म्हणजे ओळख पक्की होणे. ‘कनेक्ट’ होणे म्हणजे त्या ओळखीच्या आधारे आत्ता, या क्षणी बोलणे सुरू असणे. हेडफोन कपाटात बंद पडलेला असला तरी तो संगणकाशी ‘पेअर’ असतोच.

ओळख पक्की होते म्हणजे काय होते? पहिल्यांदा जोडताना हेडफोन आणि संगणक मिळून १२८ बिटांची एक गुप्त चावी तयार करतात. तिला ‘लिंक की’ म्हणतात. २००७ साली आलेल्या ब्लूटूथ २.१ पासून ही चावी अशा गणिती पद्धतीने तयार होते की ती हवेतून पाठवावीच लागत नाही. दोन्ही बाजू आपापल्या घरी हिशेब करतात आणि दोघांचे उत्तर एकच येते. मग प्रत्येक बाजू आपली प्रत आपल्याकडे जपून ठेवते. पुढच्या वेळी जोडताना चावी दाखवली जात नाही, ती जवळ असल्याचा पुरावा फक्त दिला-घेतला जातो.

येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, चावीच्या प्रती दोन आहेत आणि त्या दोन वेगळ्या यंत्रांत आहेत. एकीकडची प्रत पुसली म्हणून दुसरीकडची पुसली जात नाही. संगणकातून हेडफोन काढला तरी हेडफोनच्या स्मरणात तो संगणक राहतो. हेडफोन रीसेट केला तरी संगणकाच्या यादीत त्याचे नाव राहते. एकीकडे चावी आहे आणि दुसरीकडे नाही, अशी स्थिती आली की जोडणी होत नाही, किंवा झाल्यासारखी दिसून तुटते. ब्लूटूथच्या अधिकृत चूक-यादीत या अवस्थेला स्वतंत्र क्रमांकही आहे. ‘पिन किंवा की मिसिंग’ असे तिचे नाव.

आणखी एक बारकावा. हेडफोन सुरू केल्यावर संगणक त्याला शोधत येतो, असा अनेकांचा समज असतो. बहुतेक हेडफोनांत घडते उलटेच. हेडफोन चालू होताच शेवटी ज्याच्याशी बोलणे झाले, त्याला स्वतःहून हाका मारतो. त्यामुळेच फोनवर गाणी ऐकायला म्हणून कानात घातलेला हेडफोन शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपला जाऊन चिकटतो. काही लॅपटॉप झाकण मिटल्यावरही ब्लूटूथ जागे ठेवतात, तेव्हा तर बॅगेतला लॅपटॉपही हेडफोन पळवतो.

मग ‘रिमूव्ह फेल्ड’ का येते?

यादीत हेडफोनचे नाव एकच दिसते, पण विंडोजच्या पोटात त्या एका नावाखाली लहानसे कुटुंबच असते. गाणी ऐकण्यासाठी एक भाग, त्याची पद्धत ए-टू-डीपी. बोलण्यासाठी, म्हणजे माइकसह आवाजासाठी दुसरा भाग, एचएफपी अर्थात हँड्सफ्री. गाणे थांबवणे, पुढे नेणे या बटणांसाठी तिसरा, एव्हीआरसीपी. अलीकडच्या अनेक हेडफोनांत कमी विजेवर चालणाऱ्या ब्लूटूथचा, म्हणजे एलईचा आणखी एक भाग असतो. मोबाइलमधल्या कंपनीच्या ॲपशी बोलण्यासाठी तो बहुधा वापरला जातो. काही हेडफोन यादीत दोनदा दिसतात आणि त्यातल्या एका नावापुढे ‘एलई’ ही अक्षरे असतात, ती यामुळेच. या कुटुंबातला प्रत्येक सदस्य विंडोजच्या दृष्टीने वेगळे उपकरण आहे आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा आहे.

‘रिमूव्ह’ म्हटल्यावर विंडोजला हे सारे कुटुंब हलवावे लागते. उपकरण काढण्याआधी विंडोज संबंधित ड्रायव्हरना आणि प्रोग्रामना विचारते की काढू का? त्यांपैकी कोणीही नकार देऊ शकतो. बैठकीचे ॲप मागे उघडे असेल आणि त्याने माइक धरून ठेवला असेल, ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्ये व्हिडीओ अर्धवट थांबलेला असेल, तर काम अडते. दुसरी शक्यता म्हणजे ब्लूटूथचे व्यवहार पाहणारी विंडोजची सेवाच मध्ये अडकून पडलेली असते. तिसरी, ड्रायव्हरचे अद्ययावतीकरण झाल्यावर किंवा ब्लूटूथचा डोंगल बदलल्यावर जुन्या नोंदी मागे उरतात. विंडोज चाव्या ठेवते त्या संगणकाच्या ब्लूटूथ ॲडॉप्टरच्या पत्त्याखाली. ॲडॉप्टर बदलला की जुन्या पत्त्याखालचा संसार मालकाविना राहतो. आणि चौथी, सर्वांत साधी गोष्ट अशी की हेडफोन चालू असतो. इकडे संगणक त्याला काढू पाहतो, तिकडे तो हाका मारून पुन्हा जोडून घेतो.

बैठक पाच मिनिटांवर असेल तर?

तर दुरुस्ती करू नये. ३.५ मिमीची वायर असेल तर ती लावावी. बहुतेक मोठ्या हेडफोनांना ती लागते. नसेल तर मोबाइलवरून बैठकीत जावे आणि हेडफोन मोबाइलला जोडावा. लॅपटॉपचे ब्लूटूथ तेवढ्यापुरते बंद ठेवले की हेडफोन तिकडे ओढला जात नाही. खाली सांगितलेल्यांपैकी काही उपायांत संगणक दोन-तीनदा सुरू करावा लागतो आणि त्यासाठी अर्धा तास हाताशी हवा.

कोणत्या क्रमाने प्रयत्न करावेत?

सुरुवात हेडफोनपासून. तो नुसता कानातून काढून ठेवू नये, बंद करावा. इअरबड्स असतील तर डबीत ठेवून झाकण लावावे. मग आवाज वापरणारी सगळी ॲप्स बंद करावीत. खिडकी बंद केली तरी बैठकीची अनेक ॲप्स घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात चालूच राहतात, तिथूनही त्यांना ‘क्विट’ करावे. आता विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’, मग ‘डिव्हायसेस’ येथे जाऊन हेडफोनच्या नावाशेजारचे तीन ठिपके दाबून ‘रिमूव्ह डिव्हाइस’ निवडावे. विंडोज १० मध्ये हेच पान सेटिंग्जमधल्या ‘डिव्हायसेस’खाली सापडते. नोंद जात नसेल तर एअरप्लेन मोड काही सेकंद चालू-बंद करून पुन्हा पाहावे. एअरप्लेन मोड चालू असतानाच नोंद निघाली, असाही अनेकांचा अनुभव आहे.

इतक्यावर भागले नाही तर संगणक रीस्टार्ट करावा. ‘शटडाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’. हा फरक शब्दांचा नाही. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. ड्रायव्हरही त्यातच. म्हणजे काल अडकलेला ड्रायव्हर आज सकाळीही अडकलेलाच. रोज रात्री लॅपटॉप बंद करणाऱ्याने टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली सीपीयूचा ‘अप टाइम’ एकदा पाहावा. तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो. रीस्टार्टमध्ये मात्र सारे खरोखर नव्याने सुरू होते. शटडाउनच करायचे असेल तर शिफ्टचे बटण दाबून धरून त्यावर क्लिक करावे, मग ते पूर्ण होते. या प्रकारच्या निम्म्याअधिक तक्रारी इथेच मिटाव्यात, इतका हा साधा उपाय प्रभावी आहे आणि नेमका तोच वगळला जातो, कारण ‘बंद करून चालू केला की’ असे प्रत्येकाला वाटत असते.

यानंतर पाळी ब्लूटूथच्या सेवेची. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ हे इंग्रजीत टंकले की सेवांची लांबलचक यादी उघडते. तीत ‘ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस’ शोधून उजव्या क्लिकने ‘रीस्टार्ट’ करावी. शेजारीच ‘ब्लूटूथ ऑडिओ गेटवे सर्व्हिस’ही असते, तिलाही तसेच. मग पुन्हा सेटिंग्जमध्ये जाऊन काढण्याचा प्रयत्न करावा.

एक इशारा येथेच दिलेला बरा. कीबोर्ड आणि माउस दोन्ही ब्लूटूथचे असतील तर ब्लूटूथ बंद केल्याक्षणी संगणकाचे हातपायच जातात. लॅपटॉपला स्वतःचा कीबोर्ड असतो म्हणून निभावते, टेबलावरच्या संगणकावर मात्र वायरचा माउस आधी शोधून ठेवावा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय करायचे?

वरच्या उपायांनी जी नोंद हलत नाही, ती बहुधा येथे हलते. म्हणून या भागात थोडा वेळ घालवावा. विंडोजचे बटण आणि एक्स एकत्र दाबले की येणाऱ्या यादीत ‘डिव्हाइस मॅनेजर’ असते. ते उघडल्यावर लगेच शोधाशोध सुरू करू नये. आधी वरच्या पट्टीत ‘व्ह्यू’ आणि त्यात ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडावे. हे केले नाही तर हवी ती नोंद दिसणारच नाही, कारण हेडफोन बंद आहे आणि बंद उपकरणे विंडोज एरवी लपवून ठेवते. लपलेल्या नोंदी फिकट रंगात दिसतात.

आता हेडफोनचे कुटुंब एकेका खोलीत शोधायचे. ‘ब्लूटूथ’ या गटात त्याचे नाव असेल. त्याखाली त्याच नावापुढे ‘एव्हीआरसीपी ट्रान्सपोर्ट’ लिहिलेली एक किंवा दोन नोंदी असतील. ‘साउंड, व्हिडीओ अँड गेम कंट्रोलर्स’ गटात ‘स्टीरिओ’ आणि ‘हँड्सफ्री’ अशी नावे सापडतील. ‘ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स’मध्ये ‘हेडफोन्स’ आणि ‘हेडसेट’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या नोंदी असतील. प्रत्येकीवर उजवे क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करावे. लहान नोंदी आधी आणि ‘ब्लूटूथ’ गटातले मुख्य नाव शेवटी, असा क्रम ठेवला तर काम सुरळीत होते. सर्व झाल्यावर रीस्टार्ट आणि मग सेटिंग्जमधली यादी तपासावी. बऱ्याचदा नाव आपोआप गेलेले असते. राहिलेच तर आता ‘रिमूव्ह’ त्याला नमते.

या गटात काही नावे हात न लावण्याची आहेत. ‘मायक्रोसॉफ्ट ब्लूटूथ एन्युमरेटर’, त्याचाच एलई भाऊ आणि संगणकाचा स्वतःचा ब्लूटूथ ॲडॉप्टर. ॲडॉप्टरच्या नावात बहुधा इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम असे चिप बनवणाऱ्याचे नाव असते.

तरीही यश आले नाही तर मात्र ॲडॉप्टरच अनइन्स्टॉल करून पाहता येते. ही पुढची पायरी, पहिली नव्हे. अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही पुसण्याबाबत एक चौकोन समोर येतो, तो रिकामा ठेवावा. रीस्टार्ट केल्यावर विंडोज ॲडॉप्टर पुन्हा ओळखते आणि ड्रायव्हर बसवते. चौकोनात खूण करून ड्रायव्हरही काढायचा असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो आधीच उतरवून ठेवावा.

रजिस्ट्रीत हात घालावा का?

इंटरनेटवर या प्रश्नाची उत्तरे शोधणारा तिसऱ्या-चौथ्या शोधातच रजिस्ट्रीपाशी पोहोचतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची मूळ खतावणी. तीत चूक झाली तर हेडफोनच काय, संगणकही सुरू होणार नाही. म्हणून हा शेवटचा उपाय आहे आणि तो करणाऱ्याने आधी त्या भागाची प्रत ‘एक्सपोर्ट’ करून ठेवणे अत्यावश्यक आहे.

जागा अशी आहे. ‘लोकल मशीन’ या मुख्य शाखेत ‘सिस्टिम’, त्यात ‘करंट कंट्रोल सेट’, मग ‘सर्व्हिसेस’, मग ‘बीटीएचपोर्ट’, ‘पॅरामीटर्स’ आणि शेवटी ‘डिव्हायसेस’. येथे हेडफोनचे नाव सरळ दिसत नाही. दिसतात त्या १२ अंक-अक्षरांच्या फाइलसारख्या नोंदी. प्रत्येक ब्लूटूथ उपकरणाला ४८ बिटांचा एक पत्ता असतो, तोच हा. एकेक नोंद उघडून तिच्यातील ‘नेम’वर दोनदा क्लिक केले की उजव्या कडेला उपकरणाचे नाव वाचता येते. हवी ती नोंद सापडली की तेवढीच पुसावी, शेजारची नव्हे, आणि रीस्टार्ट करावे. याच ठिकाणी ‘कीज’ नावाची दुसरी फांदीही असते. गुप्त चाव्या तीत असतात आणि सामान्य वापरकर्त्याला, अगदी ॲडमिनलाही, ती रिकामी दिसते. विंडोजने ती स्वतःच्या खात्यासाठी राखून ठेवली आहे. ते कुलूप तोडण्याच्या युक्त्या सांगणारे व्हिडीओ बरेच आहेत. हेडफोन काढण्यासाठी तेवढ्या थराला जाण्याची गरज क्वचितच पडते.

कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर तर यातले काहीच करू नये. तेथे ॲडमिनचे अधिकार बहुधा आयटी विभागाकडे असतात, आणि कधीकधी ‘रिमूव्ह फेल्ड’चे मूळ त्या निर्बंधांतही असू शकते. अशा वेळी तक्रार नोंदवताना ‘हेडफोन चालत नाही’ असे लिहिण्यापेक्षा ‘ब्लूटूथची जुनी नोंद निघत नाही’ असे लिहिले तर समोरच्याचा आणि आपलाही वेळ वाचतो.

संगणक ऐकतच नसेल, तर हेडफोनकडून सुटका होते का?

होते, आणि ज्याला फक्त हेडफोन मोकळा हवा आहे त्याच्यासाठी हाच सर्वांत जवळचा रस्ता आहे. चावीच्या प्रती दोन आहेत, हे वर आलेच आहे. हेडफोनने आपली प्रत पुसली की तो त्या संगणकाला हाका मारणे थांबवतो. संगणकाच्या यादीत नाव राहते, पण ते निर्जीव पाटीसारखे.

पुसण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी. बोसच्या क्वाएटकम्फर्ट ३५ मध्ये पॉवरचा खटका ब्लूटूथच्या खुणेकडे १० सेकंद सरकवून धरला की यादी पुसल्याचे हेडफोन बोलून सांगतो. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ मध्ये हेडफोन बंद करून पॉवर आणि ‘कस्टम’ ही दोन बटणे किमान ७ सेकंद एकत्र दाबून धरावी लागतात. स्वस्त इअरबड्समध्ये डबीवरचे किंवा बड्सवरचे बटण काही सेकंद दाबणे, अशी काहीतरी खूण असते. ती डबीसोबत आलेल्या छोट्या घडीच्या कागदावर असते, जो पहिल्याच दिवशी फेकला जातो. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचे नाव टाकून ती मिळते.

हेडफोनची आठवणही अमर्याद नसते. सोनी आणि बोसच्या या मॉडेलांत आठ उपकरणे लक्षात राहतात. सोनीमध्ये नववे जोडले की सर्वांत जास्त काळ न वापरलेले आपोआप बाहेर पडते. घरात दोन फोन, टॅब, टीव्ही, दोन लॅपटॉप आणि कार्यालयाचा संगणक धरला तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. ‘काल जोडलेले होते, आज ओळखतच नाही’ याचे एक कारण हेही असू शकते.

रीसेटनंतर एक गोष्ट विसरली जाते. त्याच संगणकाशी पुन्हा जोडायचे असेल तर तिथली जुनी नोंद काढावीच लागते. संगणकाकडे जुनी चावी, हेडफोनकडे कोरी पाटी, त्यामुळे आपोआप जोडणी होत नाही. अर्थात अशा मृत नोंदीला हाका मारणारे कोणी उरलेले नसल्याने ती आता ‘रिमूव्ह’ होण्याची शक्यताही वाढलेली असते. म्हणून डिव्हाइस मॅनेजरच्या वाटेला जाण्याआधी हेडफोन रीसेट करून पाहणे अनेकांना सोपे पडेल. त्याची किंमत इतकीच की फोन, टीव्ही वगैरेंशीही तो नव्याने जोडावा लागतो.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची गंमत वेगळीच. ब्लूटूथ ॲडॉप्टर एकच, म्हणून पत्ताही एकच. विंडोजमध्ये हेडफोन जोडला की एक चावी, लिनक्समध्ये जोडला की दुसरी. हेडफोनला वाटते की तोच संगणक आहे आणि तो जुनी चावी पुसून नवी ठेवतो. मग विंडोजमध्ये परतल्यावर हेडफोन अनोळखी. दोष कोणाचाच नाही आणि भांडण मात्र रोजचे.

नोंद राहिली तर बिघडते काय?

पहिला प्रश्न रोजच्या त्रासाचा. जुना लॅपटॉप भावाला दिला, हेडफोन स्वतःकडे ठेवला. लॅपटॉप चालू झाला की हेडफोन तिकडे पळणार. फोनवर चाललेले खासगी बोलणे मध्येच तुटणार किंवा दुसऱ्याच्या कानी पडावे असे नसलेले काही भलतीकडे वाजणार. मात्र एक भीती अनाठायी आहे. हेडफोन पेअर आहे म्हणून समोरच्या संगणकाला फोनमधले फोटो किंवा संदेश दिसत नाहीत. या जोडणीतून जातो तो आवाज आणि बटणांचे इशारे.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा आणि तो कमी लेखण्याजोगा नाही. २०२० मध्ये संशोधकांनी ‘बायस’ नावाने एक त्रुटी जाहीर केली होती. पूर्वी पेअर झालेल्या उपकरणाचे सोंग घेऊन, गुप्त चावी ठाऊक नसतानाही जोडणी मिळवता येते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे हल्ल्याचा आधार जुनी ओळख हाच होता. जून २०२५ मध्ये जर्मनीतील ‘ईआरएनडब्ल्यू’ या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी ऐरोहा या कंपनीच्या ब्लूटूथ चिपमधील त्रुटी उघड केल्या. अनेक नामांकित हेडफोनांत या चिप आहेत. जवळपास असलेला जाणकार हल्लेखोर हेडफोनच्या स्मृतीतून चावी वाचून पुढे फोनसमोर हेडफोनचे सोंग घेऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. असा हल्ला करायला कौशल्य लागते, ब्लूटूथच्या टप्प्यात हजर राहावे लागते आणि सामान्य माणूस त्याचे लक्ष्य असण्याची शक्यता थोडी. तरी हेडफोनचे फर्मवेअर कंपनीच्या ॲपमधून अद्ययावत करणे आणि ज्या उपकरणांशी आता संबंध नाही त्यांच्या नोंदी दोन्हीकडून काढणे, यासाठी एवढे कारण पुरे आहे.

विकताना किंवा दुसऱ्याला देताना?

लॅपटॉप द्यायचा असेल तर एकेक हेडफोन काढत बसण्याचे कारण नाही. ‘रीसेट धिस पीसी’मधला ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ हा पर्याय निवडला की रजिस्ट्रीसह चाव्याही जातात. हट्टी नोंदीसुद्धा. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून जुने लॅपटॉप विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही ही खबरदारी लक्षात ठेवावी. हेडफोन द्यायचा असेल तर त्याचा फॅक्टरी रीसेट हवा आणि कंपनीच्या ॲपमध्ये खाते असेल तर तिथूनही तो काढायला हवा. ॲपलच्या एअरपॉड्सबाबत रीसेट पुरेसा नाही. ते मालकाच्या ॲपल खात्याशी बांधलेले असतात आणि त्याने ‘फाइंड माय’मधून काढले नाहीत तर नव्या मालकाला अडचण येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीतून जुने एअरपॉड्स घेणाऱ्याने पैसे देण्याआधी, विकणारा समोर असतानाच, ते आपल्या फोनला जोडून पाहावेत.

मॅक आणि लिनक्सवर हा त्रास नाही का?

आहे, पण कमी. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘ब्लूटूथ’ पानावर उपकरणाशेजारच्या ‘आय’वर क्लिक करून ‘फरगेट धिस डिव्हाइस’ निवडतात. एअरपॉड्स एका ॲपल उपकरणातून असे विसरले की त्याच खात्यावरच्या इतर उपकरणांतूनही ते जातात. ते नको असेल तर विसरण्याऐवजी नुसते ‘डिस्कनेक्ट’ करावे. लिनक्सवर ‘ब्लूटूथसीटीएल’ या आज्ञेत उपकरणाचा पत्ता देऊन ते काढता येते, आणि तिथे काढण्याचे काम फसले तर निदान चुकीचा संदेश दोन शब्दांपेक्षा लांब असतो.

या तंत्रज्ञानाचे नाव दहाव्या शतकातील हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजावरून पडले. ते इंटेलचे अभियंता जिम कार्डाच यांनी सुचवले होते, आणि तेही तात्पुरते म्हणून. विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र जोडणारा राजा, अशी त्याची ख्याती. बोधचिन्हात त्याच्या आद्याक्षरांच्या दोन प्राचीन खुणा एकमेकींत गुंफलेल्या आहेत. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून ब्लूटूथची संघटना स्थापन केली, तेव्हा सगळी चिंता वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांना जोडायची कशी, हीच होती.